केआर-१२ पेप्टाइडचे बदललेले नमुने: प्रकल्प नोंदी, नांदेड

१० फेब्रुवारी २०२५

जंतू मारणारं आणि सूज कमी करणारं छोटं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, गाईच्या कासेच्या आजारासाठी घडवायचं आहे. मूळ साचा माणसाच्या शरीरातल्या एलएल-३७ चा. ३७ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड जंतू मारतं, पण अख्खं घेण्यात दोन अडचणी आहेत. लांबीमुळे बनवायला महाग पडतं. शिवाय ते स्वतःच सूज पेटवू शकतं. सोरायसिसमध्ये ते रुग्णाच्याच डीएनएला चिकटून टीएलआर-९ या पेशीतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या रिसेप्टरला जागं करतं, हे २००७ साली दाखवलं गेलं. म्हणून फक्त १८ ते २९ हा तुकडा घेतला. यालाच केआर-१२ म्हणतात. ग्वांगशुन वांग यांनी २००८ साली एलएल-३७ मधला जंतुनाशक गुण टिकवणारा सर्वांत छोटा तुकडा म्हणून तो दाखवला.

क्रम: लायसिन, आर्जिनिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, ग्लुटामिन, आर्जिनिन, आयसोल्युसिन, लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, फिनाइलअ‍ॅलॅनिन, ल्युसिन, आर्जिनिन. शेपटीला आम्लाऐवजी अमाइड, म्हणजे तिथे ऋणभार नाही.

लक्ष्य गाईचा कासदाह, म्हणजे गोठ्यात ज्याला दगडी म्हणतात तो. इथे संसर्ग आणि सूज एकाच जागी भेटतात. ई. कोलायच्या कासदाहात तर जंतू मेल्यावरही त्याच्या भिंतीतलं एलपीएस (साखर जोडलेला मेद) सूज वाढवत राहतं, त्यामुळे नुसतं मारून भागत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियसची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे एलपीएस नसतंच. हा फरक शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवायचा आहे.

ठरवलेले नमुने:
न-१: मूळ केआर-१२ अमाइड, भार +५.
न-२: ५व्या जागचं ग्लुटामिन आणि ९व्या जागचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल काढून दोन्हीकडे लायसिन. भार +८, सरासरी वस्तुमान १५८४.१.
न-३: न-२ मध्ये १०व्या जागी फिनाइलअ‍ॅलॅनिनऐवजी ट्रिप्टोफॅन. १६२३.१.
न-४: न-२ च्या डोक्याला आठ कार्बनची ऑक्टॅनॉइल साखळी. १७१०.३, भार +७.
न-५: न-२ चाच क्रम, पण सगळी अमिनो आम्लं डी-रूपातली, म्हणजे नेहमीच्या एल-रूपाची आरशातली प्रतिमा.

न-५ औषध म्हणून नाही, प्रश्न म्हणून बनवायचा आहे. डी-रूप जंतूच्या पापुद्र्यावर आणि एलपीएसवर एल-रूपासारखंच चालतं, पण पेशीच्या रिसेप्टरला सहसा बसत नाही. सूज-विरोधी परिणाम नेमका कुठून येतो, हे त्यावरून कळेल.

मुंबईच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या ‘कॅम्प’ या जंतुनाशक पेप्टाइडांच्या संग्रहातल्या अंदाज-साधनावर पाचही नमुन्यांचे साधे क्रम टाकले. सगळे ‘जंतुनाशक’ आले. धनभार आणि अर्धी बाजू तेलकट असलेल्या कुठल्याही छोट्या क्रमाला अशी साधनं बहुधा होच म्हणतात. निवडीसाठी त्याचा उपयोग शून्य. डी-रूप आणि ऑक्टॅनॉइल तर त्यात लिहिताच येत नाही.

१७ फेब्रुवारी

न-२ चं संश्लेषण, ०.१ मिलिमोल. साखळी रेझिनच्या मण्यांवर, शेपटीकडून डोक्याकडे, एकेक अमिनो आम्ल जोडत वाढते. रिंक अमाइड रेझिन, लोडिंग ०.५ मिलिमोल प्रति ग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅम. डीएमएफ या द्रावकात ४५ मिनिटं फुगवलं.

एफमॉक (अमिनो आम्लाच्या डोक्यावरचं तात्पुरतं झाकण) काढायला २० टक्के पायपरिडीन, आधी ३ मिनिटं आणि मग ताज्या द्रावणात १० मिनिटं. मध्ये आणि नंतर डीएमएफच्या धुण्या. एका कपलिंगला (जोडणीला) अमिनो आम्ल चौपट (०.४ मिलिमोल): एफमॉक-आर्जिनिन-पीबीएफ २६० मिलिग्रॅम, एफमॉक-लायसिन-बॉक १८७, एफमॉक-आयसोल्युसिन १४१. पीबीएफ आणि बॉक ही बाजूच्या फांदीवरची झाकणं. जोडणी घडवणारं एचबीटीयू १४८ मिलिग्रॅम, डीआयपीईए (बेस) १३९ मायक्रोलिटर. एचबीटीयू अमिनो आम्लापेक्षा किंचित कमीच ठेवायचं. जास्त झालं तर ते थेट मोकळ्या अमाइनला चिकटतं, तिथे साखळी कायमची बंद होते आणि वस्तुमान ९८ ने वाढलेलं दिसतं.

वेळ ४५ मिनिटं. आर्जिनिनला दोनदा कपलिंग, कारण सक्रिय झालेलं आर्जिनिन स्वतःवरच वळून लॅक्टम होतं आणि पहिल्या मात्रेतला बराच भाग वाया जातो. तिन्ही आर्जिनिनना हाच नियम.

दर पायरीनंतर कायझर चाचणी, मोकळं अमाइन उरलंय का ते रंगावरून बघायला: १०-१२ मणी, तीन द्रावणांचे दोन-दोन थेंब, १०५ अंशांवर ५ मिनिटं. मणी पिवळट राहिले तर पुढे जायचं. निळा किंवा जांभळा कण दिसला तर परत कपलिंग. द्रावण पिवळं आणि मणी निळे असंही होतं, म्हणून रंग मण्यांचा बघायचा, द्रावणाचा नाही. एका द्रावणात पोटॅशियम सायनाइड असतं. ते फ्यूम हूडमध्येच वापरायचं आणि आम्लाच्या कचऱ्यात कधीच ओतायचं नाही.

२४ फेब्रुवारी

न-२ चा कच्चा नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर. ५२८.७ (तीन भार) आणि ३९६.८ (चार भार) ही अपेक्षित शिखरं आहेत. पण ४९१.० लाही ठळक शिखर आहे. तीन भारांवर फरक ३७.७, म्हणजे एकूण ११३. एक आयसोल्युसिन किंवा ल्युसिन गळालंय. दोघांचं वस्तुमान एकच, त्यामुळे नुसत्या वस्तुमानावरून जागा कळत नाही.

संशय ३ऱ्या जागच्या आयसोल्युसिनवर. ते ४थ्या जागच्या व्हॅलिनवर बसवायचं असतं, आणि दोघांच्याही बीटा कार्बनला फांदी आहे. दोन जाड माणसांना अरुंद दारातून एकदम काढण्यातला प्रकार. स्पेक्ट्रोमीटरमध्ये साखळी तोडून तुकड्यांची वस्तुमानं पाहिली तर गळती तिथेच निघाली.

पुढच्या बॅचला बदल: त्या एका जागी एचबीटीयूऐवजी जास्त जोरकस एचएटीयू, दोनदा, दर वेळी एक तास. त्यानंतर अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, डीआयपीईए आणि डीएमएफने १० मिनिटं कॅपिंग. कॅपिंगने गळती थांबत नाही. अपुरी साखळी तिथेच बंद होते आणि एचपीएलसीवर (घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) बरीच लांब पडते, एवढाच फायदा. ११३ ने कमी असलेला, पण शेवटपर्यंत वाढलेला भाऊबंद मुख्य शिखराच्या खांद्यावर बसतो आणि सुटता सुटत नाही.

६ मार्च

तोडणी, म्हणजे साखळी रेझिनवरून सोडवून बाजूची झाकणं काढणं: टीएफए (तीव्र आम्ल) ९५ टक्के, ट्रायआयसोप्रोपिलसिलेन २.५, पाणी २.५. २०० मिलिग्रॅम रेझिनला ५ मिली. दोन तास पुरत नाहीत. तीन आर्जिनिनवरचं पीबीएफ निघायला साडेतीन तास दिले. पीबीएफ राहिलं तर +२५२ चं शिखर दिसतं. तेव्हा तोच कच्चा माल परत टीएफएमध्ये तासभर ठेवायचा, नवी बॅच लावायची गरज नाही.

न-३ मध्ये +४४. ट्रिप्टोफॅनवरचं बॉक अर्धवट निघून मागे राहिलेला कार्बन डायऑक्साइड आहे हा. पाण्यात विरघळवून, थोडं आम्लधर्मी ठेवून रात्रभर सोडलं की आपोआप निघून जातो. हे शिखर बघून नमुना टाकून देऊ नये.

शुद्धीकरण एचपीएलसीच्या सी-१८ कॉलमवर, ०.१ टक्का टीएफए, अ‍ॅसिटोनायट्राइल ५ ते ६० टक्के ३० मिनिटांत, २२० नॅनोमीटर. न-४ सगळ्यांत उशिरा येतो आणि शेपूट ओढतो.

२५ मार्च

वजनाची नोंद. हे नीट वाचल्याशिवाय कोणी स्टॉक बनवू नये.

एचपीएलसीतून आलेला न-२ टीएफएचा क्षार असतो. आठ धनभारांना आठ टीएफए, म्हणजे ८ × ११४ = ९१२. एकूण २४९६ पैकी पेप्टाइड १५८४. तराजूवरच्या १० मिलिग्रॅममध्ये खरं पेप्टाइड ६.३५ मिलिग्रॅम, तेही ओलावा धरला नाही तर. न-१ ला सहाच टीएफए (इतक्या आम्लात अ‍ॅस्पार्टिकचा ऋणभार उरत नाही), तिथे हे प्रमाण सुमारे ७० टक्के. नुसत्या वजनावर एमआयसीची (जंतूंची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेची) तुलना केली तर भार जितका जास्त, तितका नमुना विनाकारण कमजोर दिसतो.

टीएफए पेशींनाही त्रासदायक, म्हणून सूजेच्या प्रयोगांआधी सगळे क्लोराइड क्षारात बदलले. ५ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून गोठवून सुकवायचं, तीन वेळा. आम्ल याहून फार तीव्र नको. बदल झाला की नाही ते इन्फ्रारेडमध्ये १२०० आणि ११३५ च्या आसपासचे टीएफएचे पट्टे गेलेत का यावरून. आता न-२ मध्ये पेप्टाइड ८४ टक्के.

२८० नॅनोमीटरवर फक्त न-३ मोजता येतो, कारण ट्रिप्टोफॅन त्यातच आहे. गुणांक ५५००, म्हणजे ०.५५ वाचन म्हणजे १०० मायक्रोमोलर. बाकीचे एचपीएलसीवर २१४ नॅनोमीटरला, न-३ च्या मोजलेल्या स्टॉकशी ताडून, ट्रिप्टोफॅनचं जादा शोषण वजा करून. वजनावर भरवसा नाही.

९ एप्रिल

एमआयसी. जंतू: ई. कोलाय एटीसीसी २५९२२, स्टॅफ ऑरियस एटीसीसी २९२१३.

पॉलिप्रोपिलिनच्या ९६ घरांच्या प्लेट. नेहमीच्या पॉलिस्टायरिनला धनभारी पेप्टाइड चिकटतं, आणि जितकं पातळ द्रावण तितका चिकटलेला वाटा मोठा. पातळ करायला ०.०१ टक्का अ‍ॅसेटिक आम्ल आणि ०.२ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन). अंतिम मात्रेच्या दहापट तीव्र पेप्टाइड ११ मायक्रोलिटर, वर जंतू १०० मायक्रोलिटर. मॅकफरलँड ०.५ (जंतूंच्या गढूळपणाचं ठरलेलं माप) पासून १:२५० केलं की प्लेटमध्ये साधारण ५ लाख प्रति मिली पडतात. प्रत्येक वेळी मोजणीची प्लेट लावून खात्री. दुप्पट जंतू म्हणजे एक घर चूक, आणि इथे सगळा फरक एक-दोन घरांचाच असतो.

माध्यम कॅटायन-समायोजित म्युलर-हिंटन: कॅल्शियम २० ते २५, मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. आरओची मेम्ब्रेन थकली की टीडीएस हळूच चढतो आणि माध्यमात जादा कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम एलपीएसचे ऋणभार बांधून ठेवतं, पेप्टाइडला जागा उरत नाही, एमआयसी वर जातो. माध्यमाला यापुढे डिस्टिल्ड पाणीच. टीडीएसचं वाचन बॅचच्या बाटलीवर लिहायचं.

नियंत्रण, म्हणजे ज्यांचा एमआयसी आधीच ठाऊक आहे अशी प्रतिजैविकं: ई. कोलायला कोलिस्टिन सल्फेट, स्वीकार्य ०.२५ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिली. स्टॅफला व्हँकोमायसिन, ०.५ ते २. कोलिस्टिनची ही मर्यादा साध्या पॉलिस्टायरिन प्लेटसाठी, कुठलीही भर न घालता ठरवलेली आहे. म्हणून त्याची प्लेट वेगळी. पॉलिप्रोपिलिन आणि बीएसएमधला आकडा त्या मर्यादेशी जुळवत बसू नये.

निकाल: न-२ आणि न-३ हे दोन्ही जंतूंवर न-१ पेक्षा स्पष्ट चांगले. न-४ स्टॅफवर सगळ्यांत पुढे. न-५ न-२ च्या बरोबरीने. म्हणजे मारणं पापुद्र्यावरच होतंय.

२२ एप्रिल

उन्हाळ्याची तजवीज. डायइथाइल ईथर ३४.६ अंशांना उकळतं. दुपारी खोली त्याच्या वर असते, सेंट्रिफ्यूजच्या नळीचं झाकण उडतं. आजपासून अवक्षेपणाला (पेप्टाइड टीएफएतून खाली पाडायला) मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर (उत्कलन ५५ अंश), उणे २० वर गार करून, टीएफएच्या दहापट. डीएमएफ उष्णतेत हळूहळू फुटून डायमिथाइलअमाइन देतं, आणि ते एफमॉक वेळेआधीच काढतं. मग एका जागी दोन अमिनो आम्लं बसतात. मासळीसारखा वास आला तर बाटली बाद, धुण्यालाही नाही. नवी बाटली ४ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सिव्हवर, फ्रिजमध्ये.

८ मे

दुधातला प्रयोग. सगळ्यांत महत्त्वाची प्लेट हीच.

यूएचटी दूध, स्टॅफ, न-२ आणि न-४. दूध गढूळ, म्हणून नजरेने एमआयसी वाचता येत नाही. ०, २ आणि ६ तासांना दहापटींनी पातळ करून १० मायक्रोलिटरचे थेंब आगरवर. ब्रॉथच्या एमआयसीच्या सोळापट मात्रेलाही जंतू बिनधास्त वाढले.

कारण वेगळं करायला तीन बाजूंनी पाहिलं. ब्रॉथमध्ये २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलं तेव्हा परिणाम कमी झाला, पण राहिला. दुधाचं पीएच ४.६ करून केसिन पाडलं आणि निवळी परत ६.७ ला आणली, तिथे परिणाम बऱ्यापैकी परतला. निवळीत केसिन पुन्हा घातलं तर परत शून्य. केसिनवरचे फॉस्फेटचे ऋणभार पेप्टाइडला गिळून टाकतात. भार +५ वरून +८ केला, ही ब्रॉथमधली सुधारणा दुधात उलट अंगावर येते.

त्यामुळे दुभत्या गाईच्या सडातून आत सोडायचं औषध, हा मूळ विचार इथेच बंद. आत जिंकण्यासाठी लागेल ती मात्रा कासेच्या पेशींनाही सोसणार नाही. काम सडाच्या कातडीवरच्या चिरांकडे वळवलं. स्टॅफ तिथे घर करतो आणि तिथून सडाच्या तोंडाकडे सरकतो, आणि तिथे दूध फक्त धारेपुरतं लागतं.

१९ मे

दुपारी वीज गेली की फ्रीझ-ड्रायरचा पंप थांबतो आणि नमुना वितळून फेसाळतो. अ‍ॅसिटोनायट्राइल २० टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय फ्लास्क लावू नये. सुकवणं रात्री.

२ जून

रक्तपेशी. पेप्टाइड त्याही फोडतं का, ते पाहायचं. माणसाचं रक्त नैतिकता समितीच्या परवानगीने, गाईचं पशुवैद्यकांकडून ईडीटीएच्या नळीत. तीन वेळा पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुऊन ४ टक्के, ३७ अंशांवर एक तास, १००० जी, वरचं द्रावण ५४० नॅनोमीटरला. १०० टक्क्यांसाठी ०.१ टक्का ट्रायटन. रक्त त्याच दिवशीचं. या दिवसांत टेबलावर तासभर राहिलेल्या नळीत पार्श्वभूमीच लाल येते.

न-४ माणसाच्या पेशी फोडतो, आणि तेही स्टॅफच्या एमआयसीपासून फार लांब नाही. गाईच्या पेशींवर तोच न-४ बराच सौम्य दिसला. त्यावर खूश होण्यासारखं काही नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या रक्तपेशींत फॉस्फॅटिडिलकोलिन जवळजवळ नसतं, स्फिंगोमायेलिन भरपूर असतं. पापुद्राच वेगळा. लावणाऱ्याचे हात माणसाचे आहेत, तेव्हा न-४ बाद.

१६ जून

सूज. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून आणलेल्या आरएडब्ल्यू २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेज). एका घरात ५० हजार, २४ तास चिकटू द्यायच्या. एलपीएस (ई. कोलाय ओ१११:बी४) १० नॅनोग्रॅम प्रति मिली. पेप्टाइड १, ५, १०, २० मायक्रोमोलर. सूजेच्या खुणा दोन: टीएनएफ-अल्फा ६ तासांना एलायझाने, नायट्राइट २४ तासांना ग्रीस द्रावणाने. शेजारच्या प्लेटवर एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का याची चाचणी. ती नसेल तर टीएनएफचा आकडा लिहायचाच नाही, कारण मेलेली पेशीही टीएनएफ बनवत नाही. न-४ ने २० मायक्रोमोलरला टीएनएफ झकास खाली आणलं, आणि एमटीटीही तितकंच खाली.

एकच वेळापत्रक पुरत नाही, म्हणून तीन:
पेप्टाइड आणि एलपीएस एकत्र.
पेप्टाइड आधी एक तास, धुऊन टाकून मग एलपीएस.
एलपीएस आधी, एका तासाने पेप्टाइड.

न-२ चा परिणाम पहिल्या वेळापत्रकात जोरदार. दुसऱ्यात जवळजवळ नाहीसा. तिसऱ्यात थोडा.

३ जुलै

न-५ त्याच तिन्ही वेळापत्रकांत, शिवाय एलपीएसऐवजी टीएलआर-२ या दुसऱ्या रिसेप्टरला चेतवणारं पॅम३सीएसके४. न-५ आणि न-२ यांच्या रेषा एकमेकींवर बसतात. पॅम३वर दोघांचाही म्हणावा असा परिणाम नाही.

अर्थ सरळ. पेप्टाइड पेशीला शांत करत नाही. ते बाहेरच एलपीएसला धरून ठेवतं, पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक धरतं तसं. अहवालात ‘सूज-विरोधी’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे ‘एलपीएस बांधणारं’ असा बदल. स्टॅफच्या चिरेत एलपीएस नाही, तिथे या गुणाचा दावा करता येणार नाही. नुसतं पहिलं वेळापत्रक चालवून सूज-विरोधी म्हणणारे निष्कर्ष यापुढे याच चाळणीतून वाचावेत.

२५ टक्के सीरममध्ये ३७ अंशांवर न-२ काही तासांत तुटतो, न-५ टिकतो. लायसिन-आर्जिनिनच्या मागे ट्रिप्सिनसारखी एन्झाइमं कापतात, आणि स्टॅफचं स्वतःचं ऑरिओलायसिन तर एलएल-३७ लाही कापतं. तरीही दुभत्या जनावरासाठी एल-रूपच बरं. दुधात उतरलेला अंश माणसाच्या पोटात पचून जायला हवा. २०१९ साली अन्न देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर आपल्याकडे बंदी आली, ती जंतूंमधल्या प्रतिकाराच्या भीतीने, उगाच नाही.

२१ जुलै

जेल. घट्टपणा आणणारे कार्बोपोल, अल्जिनेट, सीएमसी हे तिन्ही ऋणभारी. पेप्टाइड घातल्याबरोबर कार्बोपोलमध्ये पांढरे दोरे पडले आणि आगरवरचं जंतू मेल्याचं वर्तुळ गेलं. हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज निर्भार, तेच घेतलं.

१०० ग्रॅमसाठी: हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज २ ग्रॅम, ग्लिसरीन १० ग्रॅम, बेंझाइल अल्कोहोल १ ग्रॅम, पेप्टाइड ०.५ ग्रॅम (क्षार वजा करून), बाकी १० मिलिमोलर अ‍ॅसिटेट बफर पीएच ५.५. सेल्युलोज आधी ग्लिसरीनमध्ये कालवायचं, थेट पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. बफर ढवळत घालून रात्रभर ठेवायचं, बुडबुडे निघतात. पेप्टाइड ५ मिली बफरमध्ये विरघळवून शेवटी, हाताने घोटून. मिक्सर लावला तर फेस होतो.

जेलसाठी न-३ नको, न-२. धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायची पद्धत आहे, आणि आयोडीन ट्रिप्टोफॅनचं ऑक्सिडेशन करतं. न-२ मध्ये ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, हिस्टिडिन यांपैकी काहीच नाही. आयोडीन लावलेल्या कातडीच्या तुकड्यावर न-३ चं शिखर +१६ आणि +३२ कडे सरकलं, न-२ जागेवर राहिला.

जेलकडून अपेक्षा बेताच्या. झॅस्लॉफ यांनी १९८७ साली बेडकाच्या कातडीतून शोधलेल्या मॅगेनिनपासून पेक्सिगनान झालं, मधुमेही पायाच्या जखमांपर्यंत पोचलं, आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरी नाकारली गेली. तोंडाने घ्यायच्या ऑफ्लॉक्सासिनपेक्षा ते सरस ठरलं नव्हतं. आमची तुलनाही म्हणून आयोडीन अधिक ग्लिसरीन या स्वस्त उपायाशीच ठेवली आहे, रिकाम्या जेलशी नाही.

११ ऑगस्ट

स्थिरता: ३० आणि ४० अंश, दोन्हीकडे ७५ टक्के आर्द्रता. कागदावर ४० अंश म्हणजे वेगवर्धित चाचणी, पण परभणी-नांदेडकडच्या पत्र्याच्या गोठ्यात मे महिन्यात ते रोजचंच तापमान. म्हणून ४० वरचा निकालच खरा धरायचा. ट्यूब आतून लाख दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. काचेला आणि पॉलिस्टायरिनच्या डबीला पेप्टाइड चिकटतं.

मोजणी दर महिन्याला: १ ग्रॅम जेल, ९ मिली ०.१ टक्का टीएफए, पॉलिप्रोपिलिनच्या नळीत हलवून, सेंट्रिफ्यूज करून वरचं एचपीएलसीवर. सेल्युलोज कॉलममध्ये जाऊ नये म्हणून आधी तितकंच अ‍ॅसिटोनायट्राइल घालून पाडायचं. शेपटीचं अमाइड सुटून आम्ल झालं तर वस्तुमान फक्त १ ने वाढतं. ते कमी वियोजनाच्या यंत्रावर मुख्य शिखरातच लपतं, म्हणून धारणवेळ, म्हणजे एचपीएलसीतून बाहेर पडायला लागलेला वेळ, बघायची.

विरजणाची चाचणी बाकी: दुधात उतरलेला जेलचा अंश दही लावणाऱ्या जंतूंना अडवतो का. जेल लावून धुतलेल्या सडाच्या पहिल्या धारांचं दूध, तेच विरजण, ४२ अंश, दर तासाला पीएच, शेजारी साधं दूध. पीएच ४.६ ला पोचायला उशीर झाला तर पहिल्या धारा टाकून द्यायची सूचना ट्यूबवर छापावी लागेल.